आप्त कोण?

गेल्या कार्तिकी वारीहून परतल्यावर आम्ही मेहकरास श्रीशारंगधर बालाजीच्या दर्शनास गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर येतो तो पायरीवर एक वृद्ध माळकरी बाई बसलेली. तिने आमचे पाय धरले, आम्ही तिचे धरले, आणि मग ती म्हणाली, "महाराज, पयले कोनी खोटं बोलला त समजत होतं. आता समदेच खऱ्यावानी बोलतात. भरोसा ठेवावा त कोनावर ठेवावा?"

आम्ही म्हणालो, "पांडुरंगावर ठेवा, माउली." आणि पुढे निघालो.

उत्तर खोटे नव्हते. पण ते टाळाटाळीचे होते, हे पैनगंगेच्या पुलापर्यंत येईतो आमच्या ध्यानात आले. पांडुरंगावर त्या माउलीचा विश्वास होताच, म्हणून तर ती त्या पायरीवर बसली होती. तिने विचारले होते ते माणसांविषयी. पुढाऱ्यांविषयी, वर्तमानपत्रांविषयी, मोबाईलवर येणाऱ्या निरोपांविषयी, शेजाऱ्यांविषयी, आणि कदाचित आम्हा कीर्तनकारांविषयीही. त्या वेळी देता न आलेले उत्तर आज या मासिकाच्या वारकरी वाचकांपुढे मांडून पाहतो. त्यात आमच्या हातून घडलेल्या एका अपराधाची कबुलीही आहे. ती दिल्यावाचून हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

लहानपणी पाठशाळेत गुरुजींनी आम्हांस तर्कसंग्रह सांगितला. ज्ञान होण्याची चार साधने त्यात येतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आम्हा पोरांना वाटे की प्रत्यक्ष हेच मोठे. डोळ्यांनी दिसते त्याहून खरे ते काय असणार! गुरुजी हसून विचारीत, "तुझा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे तू डोळ्यांनी पाहिलेस काय?" मग आम्ही गप्प. खरोखर विचार करावा तर आपल्या जाणण्यातला बारा आणे भाग दुसऱ्याच्या शब्दावर उभा असतो. पहिल्या वारीला निघणाऱ्याने पंढरपूर पाहिलेले नसते. ते अमुक दिशेला आहे असे सांगणाऱ्यावर विसंबून तो पाऊल टाकतो. औषध, बियाणे, सोयरीक, बाजारभाव, सरकारचा हुकूम, सर्व शब्दावर चालते. म्हणून शास्त्रकारांनी पुढचा प्रश्न काढला: शब्द कोणाचा प्रमाण मानावा? उत्तर दिले: आप्ताचा.

आता हा आप्त कोण? न्यायशास्त्रात आप्त म्हणजे जसे असेल तसे सांगणारा. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनांनी याची फोड फार चांगली केली आहे. सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगावी अशी त्याची इच्छा असावी. एवढी अट पुरली की तो आप्त. आणि पुढे ते म्हणतात की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखेच लागू आहे. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रंथकार म्हणतो की तो कोणत्या कुळाचा, कोणत्या देशाचा, हे पाहू नका. त्याने पाहिले आहे काय आणि पाहिले तसे तो सांगतो काय, एवढे पाहा.

पण आपल्या मराठी बोलण्यात या शब्दाचे काय झाले? आप्त म्हणजे नातलग. आप्तेष्ट, आप्तस्वकीय. लग्नपत्रिकेतला शब्द! खरे सांगणारा तो आप्त होता, तो जाऊन आपला असेल तो आप्त झाला. शब्दाचा अर्थ बदलला, त्यात कोणाचा दोष नाही. भाषा वाहती असते. परंतु आमचे म्हणणे असे की शब्दाबरोबर आपले वागणेही बदलले. आपला आहे म्हणून त्याचे खरे, आणि परका आहे म्हणून त्याचे खोटे, असा आजचा न्याय झाला आहे. आज जी फाटाफूट सर्वत्र दिसते तिचे मूळ आम्हांस येथे दिसते.

आमच्या भागाचेच उदाहरण घ्या. जून २०२२ मध्ये शिवसेना पक्षात फूट पडली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण एका बाजूस दिले. दुसऱ्या बाजूस नवे नाव आणि मशाल घेऊन उभे राहावे लागले. पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या बुलढाणा मतदारसंघात श्री. प्रतापराव जाधव आणि श्री. नरेंद्र खेडेकर हे या दोन बाजूंकडून उभे राहिले, श्री. जाधव निवडून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला मेहकरात श्री. संजय रायमूलकर आणि श्री. सिद्धार्थ खरात यांच्यात पुन्हा धनुष्यबाण आणि मशाल असाच सामना झाला, तेथे श्री. खरात निवडून आले. लोकांनी एकदा इकडे कौल दिला, एकदा तिकडे दिला. लोकशाहीत हे व्हावयाचेच. त्यात कोण योग्य, कोण अयोग्य, हे सांगणे या पानाचे काम नव्हे.

आम्हांस सांगावयाचे आहे ते निकालानंतरचे. कालपर्यंत एका झेंड्याखाली घोषणा देणारे, एका ताटात जेवणारे कार्यकर्ते दोन्हीकडे वाटले गेले. निवडणूक संपली, पण वाटणी संपली नाही. ती भजनी मंडळांत आली. एकाने टाळ धरला तर दुसरा येत नाही. बारशाला, तेराव्याला माणसे मोजून जातात. शेजारच्या जालना जिल्ह्यात तर याहून अवघड चित्र दिसले. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अंतरवाली सराटीस मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला. जून २०२४ मध्ये इतर मागासवर्गाच्या आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून वडीगोद्रीस उपोषण झाले. दोन्ही गावे एकाच अंबड तालुक्यातली, एकमेकांच्या जवळची. दोन्ही मंडपांत बसलेल्यांच्या कपाळी बुक्का असेल, घरी हरिपाठ असेल. परंतु एका मंडपातली गोष्ट दुसऱ्या मंडपात खरी मानली जात नव्हती. मागणी वेगळी असणे हा एक भाग झाला. समोरच्याचे दुःखही खोटे वाटू लागणे, हा निराळाच रोग आहे.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, मग संशयच घेऊ नये काय? डोळे मिटून सर्वांचे ऐकावे काय?" नाही. संशय आणि अविश्वास एक नव्हेत. त्यांना एक समजण्यातच आपली फसगत होते.

संध्याकाळची वेळ आहे. शेताच्या बांधावर काहीतरी उभे दिसते. खोड आहे की माणूस आहे? शास्त्रात संशयाचे हेच उदाहरण देतात. एकाच वस्तूवर मन दोन बाजूंनी हेलकावे खाते, त्यास संशय म्हणावे. आता संशय आलेला मनुष्य काय करतो? तो चार पावले पुढे जातो, हाक मारतो, कंदील वर धरतो. म्हणजे संशय माणसाला वस्तूजवळ नेतो. त्याचा शेवट निर्णयात होतो. पण दुसरा एक मनुष्य असतो. त्याला लांबूनच ठाऊक असते की तो चोर आहे. तो जवळ जात नाही, हाक मारीत नाही, दगड मारतो. याला संशय म्हणत नाहीत, याला विपर्यय म्हणतात. म्हणजे उलटे ज्ञान, आणि तेही पक्के! आज आपण ज्याला अविश्वास म्हणतो तो बहुधा संशय नसतो. त्यात हेलकावा नसतोच. तो ठरलेला असतो, आणि ठरलेला असतो म्हणून पाहावयास जात नाही.

हा भेद नीट कळण्यासाठी अलीकडची एक गोष्ट सांगतो. ज्या माळशिरस तालुक्यातून माउलींची पालखी दरसाल जाते, त्याच तालुक्यातले मारकडवाडी हे गाव. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर तेथील काही ग्रामस्थांना आपल्या गावचे आकडे पटेनात. गावाने मत एकाला दिले आणि यंत्राने दुसऱ्याला दाखवले, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ठरविले की ३ डिसेंबर रोजी गावातच कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन पाहावे. सरकारी अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली; जमावबंदीचा हुकूम झाला; मतदान झाले नाही. यंत्रे बिनचूक आहेत हे आयोगाचे म्हणणे कायम राहिले. गावातही दोन मते होती. आकडे बरोबरच आहेत असे म्हणणारेही तेथे होते.

यंत्राच्या बाबतीत आमचा अभ्यास नाही, म्हणून यंत्रावर आम्ही निवाडा देत नाही. पण या प्रकरणात दोन्हीकडच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. "आम्हांस पाहू द्या" असे जो म्हणतो तो संशयी आहे, वैरी नव्हे; त्याला दाखविण्याची रीतसर वाट असली पाहिजे. तशी काही वाट आहेही. मतदाराला आपल्या मताची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून पाहतात. २६ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे आमच्या बुलढाण्यात मतदान चालू होते त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी नाकारली. पण हरलेल्या पहिल्या दोन उमेदवारांस काही यंत्रे तपासून घेण्याची मुभा दिली. ही वाट पुरेशी आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, व्हावा. मात्र ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने प्रत्येक शंकेखोरास शत्रू मानले तर संशयाचा विपर्यय होतो. आणि शंका घेणाऱ्याने, आपला उमेदवार जिंकला तेथे यंत्र चांगले आणि हरला तेथे यंत्र वाईट असे म्हटले, तर तोही जवळ जाऊन पाहणारा नव्हे, लांबून दगड मारणाराच. कसोटी एकच: पाहून झाल्यावर मन बदलण्याची तयारी आहे काय?

आता आमचा अपराध सांगतो.

मेहकर तालुक्यातल्या एका गावी हनुमान जयंतीच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन अनेक वर्षे आमचे असे. २०२३ सालची गोष्ट. पक्षाची फूट ताजी होती, गावाचे दोन तट पडले होते. आम्हांस मेहकराहून गाडीत घालून नेणारे गृहस्थ एका तटाचे. भले माणूस, आमच्याविषयी भक्ती असलेले. वाटेत त्यांनी सांगितले की आदल्या सप्ताहाच्या वर्गणीतली मोठी रक्कम गडप झाली आहे, आणि ज्यांच्याकडे ती होती ते आता पलीकडच्या तटात गेले आहेत. मोबाईलवर आलेला मजकूरही दाखविला. आम्ही हळहळलो. एकही प्रश्न विचारला नाही. का विचारावा? सांगणारा आपला होता. आमचे स्वतःचे मत कोणत्या तटाकडे झुकत होते हे येथे लिहीत नाही. पण ते झुकत होते, हे लपवूनही उपयोग नाही.

कीर्तनात आम्ही नाव घेतले नाही. कीर्तनकार नाव कशाला घेईल! दुधाच्या राखणीला मांजर ठेवल्याचा एक दृष्टांत दिला. "देवाच्या नैवेद्याला ज्यांची जीभ लागते" असे काहीतरी म्हणालो. मंडपात हशा पिकला, टाळ्या पडल्या. अर्धा मंडप हसला आणि अर्धा मंडप खाली पाहत राहिला. ज्यांच्यावर हा बाण होता ते वृद्ध गृहस्थ आमच्या मागे उभे होते. ते त्या सप्ताहाचे विणेकरी. कीर्तनाच्या आरंभी त्यांनीच वीणा आमच्या गळ्यात घातली होती, आमच्या पायांवर डोके ठेवले होते, आम्ही त्यांच्या पायांवर ठेवले होते. हशा झाला तेव्हाही त्यांच्या हातातली वीणा हलली नाही. काला झाला, प्रसाद वाटला, आम्ही पाकीट घेऊन घरी आलो. पुढल्या वर्षी त्या गावात दोन सप्ताह होणार असे कळले.

काही महिन्यांनी एका तरुण टाळकऱ्याने आम्हांस गाठले. हा मुलगा आम्हांस घेऊन जाणाऱ्यांच्याच तटातला. पाया पडला आणि भीत भीत म्हणाला, "महाराज, ते वर्गणीचं तुमी सोता पायलं होतं का?"

वाचकहो, दहा-बारा वर्षे पाठशाळेत घालवून, चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभे राहून, वात्स्यायनांची कसोटी आम्हांस एका विशीतल्या पोराने विचारली. आम्ही पाहिले नव्हते. गाडीवाल्या गृहस्थांनीही पाहिले नव्हते. त्यांना दुसऱ्याने सांगितले होते, आणि त्याला मोबाईलने.

आम्ही त्या विणेकरी बाबांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. आम्ही विषय काढला तेव्हा ते उठले, फडताळातून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढून आमच्या पुढे ठेवली. अकरा रुपयांपासून प्रत्येक वर्गणी नावानिशी लिहिलेली. मंडपाचे पत्रे, मृदंगाची शाई, पंगतीचा किराणा, सगळ्यांच्या पावत्या टाचलेल्या. उरलेली रक्कम टपाल कचेरीच्या पुस्तकात, जशीच्या तशी. आम्ही मान खाली घालून विचारले, "बाबा, हे तुम्ही दाखवलं का नाही?"

ते म्हणाले, "महाराज, वही त घरातच होती. कोनं मांगतलीच नाई."

या वाक्याला आमच्याजवळ आजही उत्तर नाही.

२३ एप्रिल २०२४ रोजी हनुमान जयंती होती, आणि तीन दिवसांवर मतदान. जुन्या तटाच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन आमचेच होते. हितचिंतकांनी सांगितले, "मतदान होऊन जाऊ द्या, मग काय ते बोला, आता बोललात तर पलीकडच्याचा फायदा होईल." आम्ही दोन रात्री विचार केला. गेल्या वर्षी बोललो तेव्हा कोणाचा फायदा होईल हा विचार केला नव्हता. मग खरे सांगतानाच तो का करावा? कीर्तनाच्या आरंभीच आम्ही हात जोडून सांगितले की गेल्या साली याच जागेवरून आम्ही न पाहता एका सज्जनावर डाग लावला. वही आम्ही पाहिली आहे. हिशेब पैशापैशाचा बरोबर आहे. अपराध आमचा आहे. मंडपात कोणी टाळी वाजविली नाही. थोडी मंडळी उठून गेली. ज्यांनी आम्हांस गाडीतून नेले होते ते परत पोचवावयास आले नाहीत, आम्ही एस. टी. ने आलो. पुढे त्या गावाहून आम्हांस बोलावणे आलेले नाही.

हे आम्ही मोठेपणा मिरविण्यासाठी सांगत नाही. अपराध मंडपभर केला होता, माफीही मंडपभर मागावी लागली, इतकेच. सांगावयाचे ते हे की आम्हांस फसविणारा परका नव्हता. परक्याने सांगितले असते तर आम्ही दहा वेळा विचारले असते. फसवणूक होते ती आपल्याकडून, कारण आपल्याला आपण तपासत नाही.

संतमंडळींनी हे केव्हाच ओळखले होते. गोरोबाकाकांची कथा कोणास ठाऊक नाही? तेरच्या त्या थोर कुंभाराच्या घरी संतमेळा जमला. मुक्ताईने थापटणे दाखवून विचारले, याने काय करतात? मडके कच्चे की पक्के ते पाहतात. मग काकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटून पाहिले. सर्व शांत राहिले. नामदेवराय तेवढे रागावले, आणि मडके कच्चे ठरले. ही कथा आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितली. पण तिच्यातली एक साधी गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. काका थापटणे घेऊन पाखंड्यांच्या घरी गेले नाहीत. त्यांनी थापटली ती आपल्याच मेळ्यातली डोकी. आणि ज्याचे डोके कच्चे निघाले तो देवाचा सर्वांत लाडका! नामदेवराय रुसून देवाकडे गेले, तेव्हा देवाने "तू माझा आहेस, म्हणून तू पक्का" असे म्हटले नाही. गुरू कर म्हणून विसोबा खेचरांकडे पाठविले. देवानेही आपल्या माणसाची बाजू घेतली नाही, म्हणून नामदेवराय पूर्ण झाले. थापटणे फोडण्यासाठी नसते, हे कुंभार जाणतो. कच्च्या मडक्यात पाणी भरले तर घरात चिखल होतो.

आपल्याच माणसांना कटू सांगणारा तो खरा आप्त, याचे पंढरीतलेच दुसरे उदाहरण देतो. १९४७ साली साने गुरुजींनी श्रीविठ्ठलाचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १ मेपासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. त्या वेळी आपल्या वारकरी समाजातही दोन तट होते, हे लपविण्यात अर्थ नाही. गुरुजींना धर्मबुडवे म्हणणारे होते, आणि त्यांत टाळ वाजविणारे हातही होते. पण गुरुजी परके नव्हते. विठ्ठलाचे नाव घेत ते आपल्याच लोकांना सांगत होते की आपले चुकते आहे. त्यांना उपोषणास जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. तट पडलेले असताना एका मठाने दार उघडले, ही गोष्ट आम्हांस उपोषणाइतकीच मोठी वाटते. दहा दिवसांनी उपोषण सुटले, मंदिर खुले झाले. ज्या चोखोबांचा जन्म आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजा येथे झाला असे परंपरा सांगते, त्यांची समाधी महाद्वाराशी आहे. त्यांच्या लोकांस त्या दारातून आत जावयास सहाशे वर्षांहून अधिक काळ लागला. आज त्या निर्णयाला कोणी चूक म्हणत नाही. त्या वेळी मात्र खरे सांगणारा तो परका, आणि हो ला हो म्हणणारा तो आपला, असा न्याय पुष्कळांनी केला होता.

आता एक शंका उरते. "दोन्ही तट सारखेच वाईट" असे म्हणून मोकळे व्हावे काय? आम्हांस हेही पटत नाही. हे बोलणे साधुत्वाचे वाटते, पण पुष्कळदा त्यात आळस असतो. एखाद्या प्रकरणी एक बाजू खोटे बोलत असेल आणि दुसरी खरे, तर दोघांना सारखे म्हणणे हा खऱ्यावर अन्याय आहे. चोराला चोर म्हणावे. त्याला मत देऊ नये, त्याच्या हाती वही देऊ नये. पण चोर म्हणण्याआधी वही मागावी. आणि आपला मनुष्य चोर निघाला तर तेच तोंड, तोच आवाज वापरावा. समत्व म्हणतात ते हेच. दोघांना सारखे मानणे नव्हे, दोघांना एकच माप लावणे.

वारकऱ्याला हे कठीण जाऊ नये. आपला संप्रदाय विश्वासावर चालतो, पण आंधळ्या विश्वासावर चालत नाही. दिंडीत कोणी कोठे चालावे हे ठरलेले, वीणा कोणाच्या हाती द्यावी हे ठरलेले, चोपदाराने दंड वर केला की सर्वांनी गप्प व्हावयाचे हे ठरलेले. आणि भेटताच एकमेकांच्या पाया पडावयाचे. आधी पाया पडावयाचे, नाव-गाव मागून विचारावयाचे. ही रीत घालणाऱ्यांना माणसांत खोटे असते हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी सुरुवात दगडाने न करता नमस्काराने करावयास शिकविले. नमस्कार करणारा मनुष्य निदान जवळ तरी येतो, आणि जवळ आल्यावर खोड की माणूस ते दिसते.

म्हणून आमची वाचकांस तीनच गोष्टींची विनंती आहे. मोबाईलवर दुसऱ्या तटाविषयी काही वाईट आले तर पुढे धाडण्यापूर्वी धाडणाऱ्यास विचारावे, "तू पाहिलंस का?" नाही म्हणाला तर तेथेच थांबवावे, तो भाऊ असला तरी, महाराज असला तरी. दुसरी, सप्ताह असो, दिंडी असो, पतपेढी असो, ज्याच्या हाती चार जणांचा पैसा आहे त्याने वही कोणी मागण्याची वाट पाहू नये. तिसरी आम्हा कीर्तनकारांसाठी. नारदाच्या गादीवर उभे राहून जे सांगावयाचे त्याने आपल्याच तटाच्या कोणाला तरी एकदा अवघडल्यासारखे झाले पाहिजे. प्रत्येक कीर्तनात फक्त पलीकडचेच अवघडत असतील तर आपण कीर्तन करीत नाही, प्रचार करीत आहो, असे समजावे.

त्या गावाचे पुढे काय झाले असे कोणी विचारील. सप्ताह अजून दोनच होतात. विणेकरी बाबा आता थकले आहेत. उभे राहवत नाही. मात्र त्या टाळकरी पोराने सांगितले की आता दोन्हीकडे काल्याच्या दिवशी वर्गणीची वही मारुतीच्या पारावर उघडी ठेवतात. पाहणारे थोडेच, पण अलीकडचा कोणी कधी पलीकडची पाने चाळून जातो.

शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येताना लोणारवरून आमच्या मेहकरास येते. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लोक पाण्याचे हंडे घेऊन उभे असतात. कोण कोणत्या चिन्हाचा, हे गावाला पक्के ठाऊक असते. तरी तांब्या पुढे आला की वारकरी पाणी पितो. देणाऱ्याने त्याला ओळखलेले नसते, पिणाऱ्याने देणाऱ्याला ओळखलेले नसते. एवढा भरोसा अजून आमच्यात शिल्लक आहे. त्याच्यावरच पुढचे बांधावे लागेल.

ती वृद्ध माउली पुन्हा पायरीवर भेटली तर या खेपेस आम्ही घाईने पुढे जाणार नाही. तिच्याजवळ बसू आणि सांगू की माउली, भरोसा ठेवण्याआधी विचारा; सगळ्यांना विचारा; आणि सर्वांआधी आम्हांला विचारा, "महाराज, तुमी सोता पायलं का?"

रामकृष्ण हरी.